शिक्क्यांचा सुकाळ

सायंकाळची मनमाडकडील गाडी निघून गेली, म्हणजे लासूर स्टेशनाच्या फलाटावरील बाकांवर चारचौघांची बैठक जमते. तीत आडतदार असतात, निवृत्त शिक्षक असतात, आणि महाविद्यालयातून सुटका झाल्यावर आम्हीही असतो. या बैठकीचा अलिखित नियम असा की, ज्या विषयाची पुरती माहिती कोणासच नाही, त्यावर सर्वांनी हिरिरीने बोलावे. या नियमास अनुसरून काही दिवसांपूर्वी तेथे सरकारी प्रयोगशाळांतून फुटणाऱ्या गुपितांचा विषय निघाला. एका गृहस्थांनी फितुरांना भर चौकात फाशी देण्याचा ठराव मांडला. दुसऱ्यांनी त्यास अनुमोदन देऊन कायदा आणखी कडक करावा अशी उपसूचना जोडली. तिसऱ्यांनी सर्व शास्त्रज्ञांचे मोबाइल जप्त करावेत असे सुचविले. ठराव एकमताने संमत झाला. आम्ही विरोधी मत दिले नाही, कारण त्या वेळी आम्हांस बोलण्याचे धैर्य झाले नाही. का झाले नाही, ते पुढे सांगावयाचे आहेच. परंतु जे मत फलाटावर संमत झाले, तेच मत थोड्या अधिक संस्कृत शब्दांत आपली वृत्तपत्रे, आपले वक्ते आणि आपले पुढारीही दर वेळी संमत करीत असतात; आणि ते मत केवळ अपुरे नसून घातक आहे, अशी आमची खात्री झाली असल्यामुळे हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो आहो.

आमचे म्हणणे असे की, आपल्याकडील संशोधनाची गुपिते धोक्यात येतात, ती गुप्ततेच्या अभावामुळे जितकी, त्याहून अधिक तिच्या अजीर्णामुळे. आपल्याकडे शिक्क्यांचा सुकाळ आहे आणि कुलपांचा दुष्काळ. जो तो कागद ‘गोपनीय’ म्हणून छापावयाचा, आणि त्यांपैकी जो खरोखरच जपावयाचा, तो टेबलावर उघडा टाकून घरी जावयाचे, ही आपली रीत होऊन बसली आहे.

प्रथम, ज्या प्रकरणांनी एवढा गदारोळ उडविला, तीच घेऊ. पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची एक मोठी संस्था आहे. सैन्यासाठी लागणारे पूल, क्षेपणास्त्रांचे प्रक्षेपक अशी अवजड यंत्रे तेथे घडतात. तिचे संचालकपद भूषविलेल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञास ३ मे २०२३ रोजी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. स्त्री म्हणून वावरणाऱ्या एका पाकिस्तानी हस्तकाशी मोबाइलवरून संभाषण करून त्याने संरक्षणविषयक माहिती पुरविली, असा आरोप आहे. त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. परंतु आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि न्यायनिवाडा करण्याचे काम न्यायासनाचे असल्यामुळे ते नाव येथे लिहिण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या वेळच्या वृत्तपत्रांविषयी. कित्येक आठवडे आपल्या वर्तमानपत्रांनी त्या कल्पित स्त्रीचे नाव, तिची मधुर भाषा, आणि त्या गृहस्थांचे वय यांवर रकानेच्या रकाने भरले. एखाद्या कादंबरीचे प्रकरण असावे, तसे ते दररोज क्रमशः प्रसिद्ध होत होते. परंतु ज्या पदावरील मनुष्याच्या मोबाइलकडे शत्रूचे लक्ष असणे हे सूर्यप्रकाशाइतके उघड होते, त्यास अनोळखी व्यक्तीचा संदेश आल्यास तो कोणास दाखवावा, कोठे नोंदवावा, आणि नोंदविल्यास त्याची बेअब्रू न होता त्यास साह्य कोण करील, हा प्रश्न विचारलेला आमच्या तरी पाहण्यात आला नाही. विषकन्येची कथा आपणांस मुद्राराक्षसापासून प्रिय आहे. मात्र तिच्यात रमल्याने आपण दाराचे कुलूप तपासावयाचे विसरतो.

दुसरे प्रकरण नागपूरचे. ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या तेथील प्रकल्पात काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्यास ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. समाजमाध्यमांवरील बनावट व्यक्तींनी त्याच्याशी ओळख वाढविली, परदेशी नोकरीचे आमिष दाखविले, आणि त्याच्या संगणकात हेरगिरीची आज्ञावली शिरली. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्यास जन्मठेप ठोठावली. तेव्हा आमच्या फलाटावर समाधान व्यक्त झाले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या मुख्य आरोपांतून त्याची मुक्तता केली. दोषसिद्धी उरली ती कार्यालयातील गुप्त कागद स्वतःच्या खासगी संगणकात बाळगल्याबद्दलची. आणि तिची तीन वर्षांची शिक्षा त्याने पूर्वीच भोगली होती. या बातमीवर फलाटावर कोणी चकार शब्द काढला नाही. वास्तविक विचार करावयाचा तो येथेच. उच्च न्यायालयाने जे शेवटी कायम ठेवले ते द्रोहाचे पाप नसून निष्काळजीपणाचे आहे. आणि निष्काळजीपणा हा देशद्रोहाइतका नाट्यमय नसला, तरी देशास त्याहून अधिक महागात पडतो. कारण देशद्रोही लाखांत एखादा, पण निष्काळजी आपण सारेच.

कोणी म्हणेल, ही दोन माणसांची गोष्ट झाली. संस्था तर सावध आहेत ना? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची हकीकत यासाठी आठवावी. ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे अणुस्फोट झाले. त्यानंतर महिनाही लोटला नसेल, तोच जूनच्या आरंभी काही परदेशी पोरांनी (अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड अशा निरनिराळ्या देशांत बसलेल्या, ज्यांना मिसरूडही धड फुटले नव्हते अशा मुलांनी) या केंद्राच्या संगणकांत प्रवेश मिळविला, शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार उचलला आणि केंद्राच्या संकेतस्थळावर आपली चित्रे व निषेध चिकटवून ती चालती झाली. मिल्वर्म असे त्या टोळीचे नाव. ज्या केंद्राच्या दारावर सशस्त्र पहारा, ज्याच्या आवारात छायाचित्र घेण्यास मनाई, त्याच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुले सातासमुद्रांपलीकडून शिरली! नंतर जो खुलासा झाला त्याचा सूर असा की, गेले ते विशेष महत्त्वाचे नव्हते. असेलही. पण महत्त्वाचे नव्हते तर ते जपण्याचा एवढा आव कशासाठी, आणि महत्त्वाचे होते तर ते रस्त्यावर उघडणाऱ्या खोलीत का ठेविले होते, या दोन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर द्यावयास हवे होते.

तीच कथा एकवीस वर्षांनी पुन्हा घडली. तमिळनाडूतील कुडनकुळमचा अणुवीज प्रकल्प चालविणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये या प्रकल्पाच्या संगणकांत परकी आज्ञावली शिरल्याची वार्ता पसरली. २९ तारखेस प्रकल्पाकडून जाहीर झाले की, येथील नियंत्रणव्यवस्था बाहेरील जगाशी जोडलेली नसल्याने असा हल्ला शक्यच नाही. ३० तारखेस त्याच कॉर्पोरेशनने मान्य केले की, आज्ञावली सापडल्याची गोष्ट खरी आहे. ४ सप्टेंबर रोजीच तशी सूचना मिळाली होती. मात्र बाधा झाली ती प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या संगणकास, अणुभट्टीच्या व्यवस्थेस नव्हे. हा दुसरा खुलासा प्रामाणिक होता आणि त्याने लोकांची भीती वाढली नाही, कमीच झाली. मग पहिल्या दिवशी ‘शक्यच नाही’ हे शब्द कोणत्या शत्रूपासून देशाचे रक्षण करीत होते? शत्रूस तर सारे ठाऊकच होते; आज्ञावली त्याचीच होती. ठाऊक नव्हते ते फक्त तुम्हांआम्हांस.

आमच्या मते सर्व रोगाचे मूळ या एका दिवसाच्या नकारात आहे. आपल्याकडे गुप्ततेचा मुख्य उपयोग शत्रूपासून शस्त्र लपविण्यासाठी होत नाही. तो वरिष्ठांपासून चूक लपविण्यासाठी होतो.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे त्या सायंकाळी आमची वाचा बसली. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील आम्ही बदलले आहेत. शिवना नदीच्या काठच्या एका खेड्यातील एक मुलगा पूर्वी आमच्याकडे शिकावयास होता. आई कापूस वेचणारी, बाप बाजारात हमाल. पोरगा जात्याच बुद्धिमान, आणि इंग्रजीची भीती मोडली तसा झपाट्याने पुढे गेला. आज तो एका सरकारी संशोधन संस्थेत कनिष्ठ पदावर आहे. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला, पेढे ठेवले, आणि नमस्कार करून अंगणातील लिंबाखाली बराच वेळ काही न बोलता बसून राहिला. शेवटी म्हणाला, “सर, एक चूक झाली आहे.” सहा महिन्यांपूर्वी त्याच्या कार्यालयीन संगणकावर वेतननिश्चितीविषयी एक पत्र आले. नाव वरिष्ठांचे होते. त्याने ते उघडले. क्षणभर पडदा लुकलुकला आणि पत्रात काहीच नव्हते. त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आले की हे पत्र वरिष्ठांचे नव्हे. मग त्याने ते कळविले का नाही? कारण त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या एका सहकाऱ्याने पेन ड्राइव्ह हरविल्याचे स्वतः होऊन कळविले होते. त्या प्रामाणिक मनुष्याची चौकशी झाली, गोपनीय अहवाल बिघडला, आणि बदली झाली. ज्यांचे पेन ड्राइव्ह हरविले पण ज्यांनी कळविले नाही, ते सुखाने नांदत होते. “सर, सांगून टाकू का?” असे त्याने विचारले.

वाचकहो, आम्ही त्यास काय सांगितले असेल? आम्ही तीस वर्षे मुलांना सत्यनिष्ठेचे धडे देत आलो आहो. आम्ही त्यास म्हणालो, “सहा महिने झाले ना? काही घडले नाही ना? मग आता आपण होऊन विस्तवावर हात कशाला ठेवतोस? घरी दोन बहिणी लग्नाच्या आहेत. गप्प राहा.” तो गप्प राहिला, आणि आम्हीही राहिलो. म्हणून फलाटावर जेव्हा फाशीचा ठराव मांडला गेला, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे कोणी विषकन्या उभी राहिली नाही, की कोणी लाचखाऊ अधिकारी उभा राहिला नाही. लिंबाखाली बसलेला तो मुलगा उभा राहिला, आणि त्याच्या शेजारी त्यास मौनाचा मंत्र देणारे आम्ही.

त्याच्या संगणकातून काही गेले की नाही, देव जाणे. पण गेले असेल, तर चोराला आमच्या त्या उपदेशाइतके साह्य कोणीही केले नसेल. अशा चोरीत वेळेलाच सारे महत्त्व असते. त्याच घटकेस सांगितले, तर संगणक बाजूला काढता येतो, परवलीचे शब्द बदलता येतात, शेजारची यंत्रे तपासता येतात. सहा महिन्यांनी सांगितले, तर पंचनामा तेवढा करता येतो. आणि जी संस्था सांगणाऱ्यास शिक्षा करते व लपविणाऱ्यास सोडून देते, ती चोरास सहा महिन्यांची मुदत स्वतःच बहाल करीत असते. कायदा आणखी कडक करा म्हणणाऱ्यांनी ही मुदत किती वाढेल याचा हिशेब करावा.

कायदा सौम्य आहे म्हणून हे घडते असे तर मुळीच नाही. आपला ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ सालचा. इंग्रजांनी एतद्देशीयांवर अविश्वास म्हणून केलेला आणि आपण स्वातंत्र्यानंतरही देव्हाऱ्यात पुजलेला. ‘गुपित’ म्हणजे काय, याची धड व्याख्याही त्यात नाही. त्यामुळे कोणत्याही कचेरीतील कोणताही कागद त्याच्या जाळ्यात येऊ शकतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून खरोखरच राष्ट्राच्या सुरक्षिततेस बाधक असे जे असेल तेवढ्यापुरते कलम दुसऱ्या कायद्यात घालावे, अशी शिफारस केली. ती शिफारस तशीच पडून राहिली. बरे, या कडक कायद्याने तरी काय राखले? जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत जे हेरप्रकरण उघडकीस आले, त्यात एका मुंबईकर यंत्रविक्रेत्या पेढीचा तेथील प्रतिनिधी प्रत्यक्ष पंतप्रधानांच्या कार्यालयातील आणि इतर खात्यांतील अतिगुप्त कागद वर्षानुवर्षे मिळवीत होता. त्यासाठी त्यास बोगदा खणावा लागला नाही. कचेऱ्यांतील स्वीय साहाय्यकांना थोडे पैसे आणि विलायती मद्य पोहोचत असे. ते कागद बाहेर आणीत, यंत्रावर त्यांच्या नकला निघत, आणि मूळ कागद सकाळी जागच्या जागी. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर (जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले) यांस राजीनामा द्यावा लागला. खटल्याचा निकाल लागावयास मात्र २००२ साल उजाडले. ज्या कागदावर ‘अतिगुप्त’ हा शिक्का दिवसातून शंभर वेळा उमटतो, तो कागद हाताळणाऱ्या लेखनिकास त्या शिक्क्याचे भय राहावे तरी कसे? देवळातल्या पुजाऱ्यास देवाची भीती नसते म्हणतात, त्यातलाच प्रकार.

संशोधनाच्या बाबतीत तर ही अतिरेकी वृत्ती आपल्या स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. १९४८ साली अणुशक्तीचा कायदा घटनासभेपुढे आला, तेव्हा कृष्णमूर्ति राव यांनी आक्षेप घेतला होता की, इंग्लंडच्या कायद्यात गुप्ततेची कलमे संरक्षणाच्या उपयोगापुरती आहेत, येथे मात्र शांततेच्या कामासाठी होणारे संशोधनही त्यांखाली आणले जात आहे. पंडित नेहरूंनी आडपडदा न ठेवता मान्य केले की, या दोहोंमध्ये रेषा कोठे ओढावी हे सांगणे कठीण. तेव्हा ते कठीण असेल. पण जी रेषा १९४८ साली ओढता आली नाही, ती पाऊणशे वर्षांत ओढण्याचा नेटाने प्रयत्नच न करणे, यास काय म्हणावे? १९६२ च्या कायद्यानेही गुप्ततेचा अधिकार सरकारकडेच ठेविला. आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने संरक्षण संशोधन संघटनेस आपल्या कक्षेतून जवळजवळ बाहेरच बसविले. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग, एवढ्या दोनच बाबींची खिडकी उघडी आहे.

या ठिकाणी आमचे काही विद्वान मित्र आम्हांस अडवितात. ते म्हणतात, “प्राध्यापकमहाशय, शेक्सपियर शिकवा. अणुभट्टीचे आराखडे वाचनालयात मांडावयाचे की काय?” नाही. आम्ही असे कधीच म्हटले नाही. शस्त्राचे आराखडे, सैन्याच्या हालचाली, संकेतलिपी, विनाशक द्रव्ये बनविण्याच्या कृती ही कुलपाआडच राहिली पाहिजेत, आणि ते कुलूप आजच्यापेक्षा दसपट भक्कम पाहिजे. उलट, सर्व काही उघडे करा म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही आमचे जमत नाही. शेजारी कोण बसले आहेत, हे त्यांस दिसत नाही. आमचा आग्रह एवढाच की, कुलपाची किंमत त्याच्या आत काय ठेविले यावरून ठरते. ज्या पेटीत दागिन्यांबरोबर जुने जोडे, किराण्याच्या याद्या आणि फाटकी पातळेही कोंबली आहेत, ती पेटी दिवसातून वीस वेळा उघडावी लागते. आणि जी पेटी वीस वेळा उघडावी लागते, तिची किल्ली शेवटी खिळ्यावर टांगली जाते.

हे काही आमचे नवे तत्त्वज्ञान नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात मंत्ररक्षणाचा विचार केला आहे. पोपट, मैना, कुत्री यांच्यामुळेही मसलती फुटल्याचे ऐकिवात आहे, असे तो गंभीरपणे नमूद करतो. आणि मसलतीस राजाने तीन किंवा चार मंत्री घ्यावेत असे सांगतो. आजच्या मोबाइलला कौटिल्याची मैना म्हणावयास हरकत नाही. पण त्याच्या मसलतखान्यात बसणारे चारच होते, आणि चर्चेचा विषय राज्याचा होता. खुर्च्यांच्या खरेदीची टिपणे त्याने मंत्र म्हणून जपली नसती.

आमच्याकडे काय जपले जाते, ते पाहा. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शिवनेच्या खोऱ्यातील ओढे-नाल्यांची पाहणी करावी, बंधारे कोठे घालता येतील ते मुलांनी शोधावे, असे आम्ही योजिले. दुष्काळी मुलुखातल्या मुलांना याहून चांगला अभ्यास कोणता? त्यासाठी उंचसखलपणा दाखविणारे नकाशे हवे होते. एका सरकारी कचेरीत आम्ही गेलो. तेथे आम्ही कोण, नकाशा कशास हवा, तो कोणास दाखविणार, शिबिर संपल्यावर त्याचे काय करणार, अशा प्रश्नांची सरबत्ती झाली, प्रतिज्ञालेख मागितला, आणि पुढल्या आठवड्यात या, असे तीन वेळा सांगितले. शिबिर उरकून गेले. त्याच शिबिरात एका मुलाने आपल्या मोबाइलवर अमेरिकन कंपनीचा नकाशा उघडून आमच्या गावची प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध आणि स्वतःच्या घराच्या पत्र्यावर वाळत घातलेली मिरचीही आम्हांस दाखविली. जे न्यूयॉर्कला दिसत होते, ते लासूरच्या मास्तरास पाहावयास बंदी होती. सरकारलाही हा विनोद पुढे उमगला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांचे नियम पुष्कळ सैल करताना, जे जगभर सहज मिळते त्यावर येथेच बंधन ठेवण्यात अर्थ नाही, हे त्याने मान्य केले. मान्य केले ते उत्तम झाले. परंतु मधल्या काळात न बांधलेले बंधारे कोणी बांधून देणार आहे काय?

आणखी एक उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यातील आहे. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगे तयार केले. ते खाण्यास निर्धोक आहे की नाही, याविषयीच्या चाचण्यांची माहिती सरकारच्या समितीपाशी होती. ती मागितली, तेव्हा व्यापारी गुपिताचे कारण पुढे आले. केंद्रीय माहिती आयोगाने २००७ मध्ये ती उघड करण्याचा आदेश दिला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि २००८ मध्ये ती माहिती लोकांपुढे आली. मग देशीविदेशी शास्त्रज्ञांनी ती वाचली, तीवर वाद घातले, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्यास स्थगिती मिळाली. स्थगिती योग्य की अयोग्य, यात आम्ही शिरत नाही. आम्ही शेतकीतज्ज्ञ नव्हे. पण जे वांगे आमच्या ताटात यावयाचे होते, त्याची परीक्षा आमच्यापासून लपविण्यात कोणत्या सीमेचे रक्षण होत होते? सरकारच्या तिजोरीत व्यापाऱ्याचे गुपित आणि सैन्याचे गुपित एकाच कप्प्यात ठेविले, म्हणजे पहिल्यावरचा राग लोक दुसऱ्यावर काढू लागतात. गुप्ततेवरचा लोकांचा विश्वासच उडाला, की मग खऱ्या गुपिताचीही चाड कोणास राहत नाही.

याच अविवेकाची दुसरी बाजू त्याहून भयंकर आहे. जेथे सारेच गुप्त, तेथे कोणावरही संशय घेता येतो. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन् यांस १९९४ मध्ये हेर ठरवून अटक करण्यात आली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागास त्या आरोपात तथ्य आढळले नाही. आणि १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक अनावश्यक होती असे ठरवून पन्नास लाख रुपयांची भरपाई दिली. चोवीस वर्षे! याच्या उलट पाहा: लॉस ॲलॅमॉस येथे अणुबाँब घडत असता तेथील पत्रे उघडून वाचली जात, कुंपणांवर पहारे होते, आणि शास्त्रज्ञांना टोपणनावांनी वावरावे लागे. त्या सर्व पहाऱ्यांतून क्लाउस फुक्स हा अत्यंत विश्वासू, अबोल, कामसू गृहस्थ १९४५ साली बाँबची माहिती घेऊन बाहेर गेला आणि रशियाच्या हस्तकास देऊन परत आला. तो १९५० मध्ये स्वतः कबूल झाला. ज्याच्यावर संशय घ्यावयास हवा होता, तो कोणाच्या ध्यानात आला नाही; ज्याच्यावर नको होता, त्याचे आयुष्य करपले. संशय म्हणजे पहारा नव्हे, हे या दोन गोष्टींवरून ज्यास कळत नाही, त्यास आमचा हा लेखही कळणार नाही.

मग पहारा म्हणजे काय? आमच्या बाकावरून दिसेल एवढे सांगतो. वर्षातून एकदा जुने शिक्के पुसण्याचे काम कोणाकडे तरी असावे. ज्या कागदाचे गुपित का, हे दोन ओळींत लिहून सही करता येत नाही, त्याचे गुपित संपले. गुप्त काम ज्या संगणकावर, त्यावर बाहेरचे पत्र येऊच नये. आणि घरच्या संगणकात कचेरीचा कागद जाऊच नये, मग तो संचालकाचा असो की शिपायाचा. तरुण शास्त्रज्ञांना मोहाच्या पत्रांचे नमुने दाखवावे, मुद्दाम खोटी पत्रे पाठवून त्यांची परीक्षा घ्यावी, आणि चुकतील त्यांस हसून पुन्हा शिकवावे. ज्याने चूक झाली त्याच दिवशी सांगितली, त्याच्या गोपनीय अहवालात तिचा उल्लेखही होऊ नये. जो लपवील, त्यास मात्र क्षमा नको. यांत नवीन कायदा एकही नाही, फाशी एकही नाही. म्हणूनच कदाचित हे कोणी करीत नाही. असल्या कामावर व्याख्यान देता येत नाही.

फलाटावरील त्या ठरावाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलास दूरध्वनी केला. दिवाळीत दिलेला उपदेश मागे घेतला, क्षमा मागितली, आणि सांगून टाक असे म्हटले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, सांगतो. पण बदली झाली तर?” आम्ही त्यास तत्त्वे सांगू लागलो. त्याने ती आदराने ऐकून घेतली.

लासूरहून औरंगाबादेकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडे, निघाले की याच लोहमार्गावर दौलताबाद लागते. पूर्वीची ती देवगिरी. तासून उभा केलेला कडा, खंदक, अंधारी वाट, एकापुढे एक दरवाजे. आम्ही दरवर्षी मुलांची सहल नेतो, आणि दरवर्षी कोणी तरी विचारतेच की, असा किल्ला पडला कसा. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन थडकला, तेव्हा यादवांचा रामदेवराव गडावर गेला. वेढ्यात पुरावे म्हणून घाईघाईने पोती वर चढविली होती. पुढे ती उघडून पाहतात तो धान्याऐवजी मीठ, अशी कथा फरिश्त्याने लिहून ठेविली आहे. कडा शाबूत होता, दरवाजे शाबूत होते. पोत्यात हात घालून पाहावयाचे तेवढे राहिले होते. मुले कड्याची छायाचित्रे घेतात.

आमच्या बाजारात मका येतो, तेव्हा आडतदार प्रत्येक पोत्यात लोखंडी नळी खुपसतो आणि तळचे मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. गेल्या हंगामात त्याच्या सख्ख्या मेहुण्याची गाडी आली होती. त्याने तिच्यातील पोत्यांतही नळी खुपसली. मेहुणा शेजारी उभा राहून तंबाखू मळीत होता.